तिजोरी कोणाची, किल्ली कोणाकडे?

व्यापारात आपण फार सावध असतो. नव्या पेढीला उधारीवर माल देण्याआधी तिच्यात भागीदार किती, सही कोणाची चालते, दुकानाची जागा कोणाच्या नावावर आहे, याची चौकशी केल्याखेरीज भवानी पेठेत किंवा मार्केट यार्डात कोणी पोते हलवू देत नाही. तोच व्यापारी शेअर घेताना मात्र केवळ भाव पाहतो. फार तर नफा-तोट्याचे पान चाळतो. कंपनीची मालकी कोणाकोणात, किती प्रमाणात आणि कोणत्या बंधनांसह विभागली गेली आहे, हे सांगणारा तक्ता तो सहसा उघडीत नाही. वास्तविक प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला हा तक्ता तिमाही संपल्यापासून २१ दिवसांच्या आत शेअर बाजाराकडे सादर करावा लागतो आणि तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

कारखाना चालविणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हे दुर्लक्ष एक वेळ खपून जाईल. ज्या कंपन्यांचा मुख्य व्यवसाय इतर कंपन्यांचे शेअर धरून ठेवणे हाच आहे, अशा गुंतवणूक कंपन्यांच्या बाबतीत मात्र ते महागात पडते. त्यांच्याकडे यंत्रे नसतात, गोदामे नसतात. असते ती केवळ एक तिजोरी. तेव्हा तिजोरीत काय आहे याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा की तिची किल्ली कोणाकडे आहे. हा विषय समजून घेण्यासाठी पुणेकरांना दूर जाण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे रस्त्यावर आकुर्डी येथे बजाज समूहाच्या आवारात अशा दोन सूचीबद्ध कंपन्यांचे पत्ते आहेत : बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट आणि महाराष्ट्र स्कूटर्स.

पहिलीचा इतिहास आपल्यापैकी अनेकांच्या घरातील जुन्या कागदांशी निगडित आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेली जुनी बजाज ऑटो कंपनी २००८ मध्ये तीन भागांत विभागली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये या योजनेस मंजुरी दिली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ती अमलात आली. वाहननिर्मितीचा व्यवसाय नव्या बजाज ऑटोकडे गेला; विमा आणि वित्तसेवा, तसेच पवनऊर्जेचा व्यवसाय बजाज फिनसर्व्हकडे गेला; आणि मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज हे नवे नाव धारण करून गुंतवणूक कंपनी झाली. जुन्या एका शेअरधारकाजवळ मूळ शेअर राहिलाच, शिवाय त्याला दोन्ही नव्या कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला.

येथवर सर्वांना ठाऊक असते. पुढची गोष्ट अशी की, दोन्ही नव्या कंपन्यांचे सुमारे ३० टक्के भांडवल खुद्द होल्डिंग्ज कंपनीला देण्याची तरतूद त्याच योजनेत होती. आज होल्डिंग्जकडे बजाज ऑटोचा सुमारे एक तृतीयांश आणि बजाज फिनसर्व्हचा त्याहून काहीसा अधिक हिस्सा आहे. होल्डिंग्जमध्ये प्रवर्तक कुटुंब, त्यांच्या खासगी कंपन्या व न्यास यांचा एकत्रित वाटा निम्म्याहून थोडा अधिक आहे. म्हणजे होल्डिंग्जमधील निम्म्या मालकीच्या बळावर दोन महाकाय कंपन्यांतील निर्णायक हिस्सा प्रवर्तकांच्या हाती स्थिर राहतो. उरलेल्या निम्म्या भागात विदेशी गुंतवणूकदार, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड आणि तुमच्या-आमच्यासारखे किरकोळ भागधारक आहेत. तिजोरीतील मालावर त्यांचाही प्रमाणशीर हक्क आहे. ती कधी उघडावी, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही.

हा भेद बाजाराला पुरता कळतो आणि म्हणूनच अशा कंपन्यांचा भाव त्यांच्या तिजोरीतील मालाच्या किमतीपेक्षा पुष्कळ खाली राहतो. एखाद्या गुंतवणूक कंपनीजवळ प्रतिशेअर १०० रुपयांचा माल असेल, तर तिचा शेअर ४० किंवा ५० रुपयांना मिळणे ही आपल्या बाजारात सर्वसामान्य गोष्ट आहे. अनेक दलाल हे अंतर दाखवून ‘रुपयाचा माल आठ आण्यांत’ अशी भलामण करतात. परंतु त्या आठ आण्यांना सबळ कारणे आहेत. प्रवर्तकांना समूहावरील नियंत्रण टिकवायचे असल्यामुळे तो माल विक्रीस निघण्याची शक्यता नसते. समजा विकला, तर कंपनीला प्रथम भांडवली नफ्यावर कर भरावा लागतो आणि उरलेली रक्कम भागधारकापर्यंत येताना पुन्हा कराचा प्रश्न उभा राहतो. तोपर्यंत भागधारकाच्या हाती पडतो तो केवळ लाभांश, आणि तो किती द्यावा हे संचालक मंडळ ठरविते. भावातील ही तूट म्हणजे किल्ली दुसऱ्याकडे असल्याची किंमत होय. जोवर किल्ली हलत नाही, तोवर तूट भरून येईल असे गृहीत धरण्यास आधार नाही.

या तुटीचे टोकाचे उदाहरण मुंबईत घडले. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स ही एशियन पेंट्सच्या प्रवर्तकांपैकी एका गटाची गुंतवणूक कंपनी. तिचे एकूण शेअर अवघे दोन लाख, त्यांपैकी ७५ टक्के प्रवर्तकांचे. पुस्तकी मूल्य प्रतिशेअर पाच लाख रुपयांहून अधिक असताना बाजारात नोंदलेला भाव होता ३ रुपये ५३ पैसे! त्या भावात विकण्यास अर्थातच कोणी तयार नव्हते. शेवटी सेबीने अशा कंपन्यांसाठी विशेष लिलावाची सोय केली आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी हा भाव एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर गेला. वृत्तपत्रांनी चमत्कार म्हणून ही बातमी रंगविली. तथापि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवशीचा भावही पुस्तकी मूल्याच्या निम्म्याहून कमीच होता. खरेदीदारांनी मालाची किंमत मोजली आणि किल्ली नसल्याची वजावटही केली.

आता आकुर्डीच्या दुसऱ्या कंपनीकडे वळू. माझ्या मते गुंतवणूकदारालाच नव्हे, तर प्रत्येक व्यापारी कुटुंबाला तिच्यापासून शिकण्यासारखे अधिक आहे.

महाराष्ट्र स्कूटर्स ही १९७५ मध्ये स्थापन झालेली संयुक्त क्षेत्रातील कंपनी. राज्य शासनाचे पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो हे तिचे दोन प्रवर्तक. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४ टक्के, आणि उरलेले ४९ टक्के जनतेचे. साताऱ्याच्या कारखान्यातून निघणारी ‘प्रिया’ स्कूटर ज्यांनी नंबर लावून मिळविली, त्या पिढीला या कंपनीची ओळख करून देण्याची गरज नाही. पुढे मोटरसायकलींचे दिवस आले, गिअरच्या स्कूटरची मागणी ओसरली आणि कंपनीची स्कूटरनिर्मिती थांबली. साचे व सुटी साधने बनविण्याचे किरकोळ काम काय ते उरले. परंतु दरम्यानच्या काळात कंपनीने आपला पैसा बजाज समूहाच्या शेअरमध्ये घातला होता. बजाज फायनान्सचे सुमारे तीन टक्के, तसेच बजाज ऑटो आणि फिनसर्व्हचे प्रत्येकी दोन-अडीच टक्के शेअर तिच्या तिजोरीत होते. स्कूटर गेली आणि तिजोरी राहिली. एकूण शेअर जेमतेम १ कोटी १४ लाख. त्यामुळे प्रत्येक शेअरमागे असलेल्या मालाची किंमत वर्षागणिक फुगत गेली.

येथे वाचकाच्या मनात सहज प्रश्न येईल. २७ टक्के शासनाच्या महामंडळाकडे आणि २४ टक्के बजाजकडे, तर किल्ली महामंडळाकडे असावयास हवी होती. तक्त्यातील आकडे पाहून कोणीही तसेच म्हणेल. पण तक्त्यात न दिसणारा एक कागद होता. दोन्ही प्रवर्तकांनी १९७४ मध्ये आपसांत करार केला होता. दोघांपैकी कोणालाही आपला हिस्सा विकावयाचा झाल्यास त्याने तो प्रथम दुसऱ्यास देऊ करावा, आणि किंमत परस्परसंमतीने किंवा लवादामार्फत ठरावी, असे त्यात कलम होते.

२००३ मध्ये महामंडळाने आपला २७ टक्के हिस्सा विकण्याचे ठरविले, तेव्हा हे कलम जागे झाले. किमतीवर एकमत होईना, म्हणून प्रकरण लवादाकडे गेले. जानेवारी २००६ मध्ये लवादाने प्रतिशेअर १५१ रुपये ६३ पैसे ही किंमत ठरविली. महामंडळाने त्यास न्यायालयात आव्हान दिले. सार्वजनिक कंपनीचे शेअर कायद्याने मुक्तपणे हस्तांतरणीय असतात; मग खासगी कराराने त्यांवर असे बंधन घालता येईल काय, हा मुद्दा पुढे आला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी महामंडळाच्या बाजूने निकाल दिला. मे २०१५ मध्ये खंडपीठाने तो फिरविला. भागधारकांनी स्वखुशीने आपल्या शेअरांबाबत केलेला करार हा मुक्त हस्तांतरणाच्या तत्त्वाविरुद्ध जात नाही, असे खंडपीठाचे म्हणणे पडले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या वादाचा शेवट झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये महामंडळाचे सुमारे ३० लाख ८५ हजार शेअर बजाज होल्डिंग्जकडे गेले. २४ अधिक २७ मिळून ५१ टक्के झाले आणि महाराष्ट्र स्कूटर्स ही होल्डिंग्जची उपकंपनी बनली.

वादाच्या काळात बाजारात काय घडत होते? लवादाने दीडशे रुपयांच्या आसपास किंमत ठरविलेला तो शेअर २०१९ मध्ये हजारो रुपयांना विकला जात होता. महामंडळाला मिळालेला मोबदला या बाजारभावाच्या मानाने फारच थोडा होता. याचे खापर बजाजवर फोडणे योग्य नाही; त्यांनी कराराने मिळालेला हक्क बजावला आणि न्यायालयाने तो मान्य केला. महामंडळानेही २००३ मध्ये विक्रीचा निर्णय घेताना पुढील १६ वर्षांची वाढ पाहिली नसणार. परंतु २७ टक्क्यांचा तो हिस्सा अखेरीस जनतेच्या पैशातून उभा राहिलेला होता, हे विसरता येत नाही. १९७४ मध्ये ज्यांनी कलम लिहिले, त्यांनी किंमत कोण ठरवील हे नमूद केले. कोणत्या तारखेच्या भावाने ठरवावी, किती मुदतीत ठरवावी आणि विलंब झाल्यास काय, हे मात्र पुढील पिढीच्या वकिलांवर सोपविले.

या प्रकरणाला आणखी एक उपकथा आहे. महाराष्ट्र स्कूटर्सच्या तिजोरीत खुद्द बजाज होल्डिंग्जचेही सुमारे तीन टक्के शेअर पूर्वीपासून होते. कंपनी कायद्यानुसार उपकंपनी आपल्या धारक कंपनीचे शेअर घेऊ शकत नाही. उपकंपनी होण्याआधी घेतलेले शेअर ती ठेवू शकते. परंतु त्यांवर मतदान करू शकत नाही. शेअर तेच, लाभांश तोच, पण मताचा हक्क संपला. मालकी आणि अधिकार या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे याहून स्वच्छ शब्दांत कोणते पाठ्यपुस्तक सांगणार?

मग ज्यांच्याकडे किल्ली नाही, त्यांनी काय करावे? येथे संस्थात्मक गुंतवणूकदारांचे महत्त्व कळते. कंपनीचे काही महत्त्वाचे ठराव विशेष ठराव म्हणून मंजूर व्हावे लागतात आणि त्यासाठी पडलेल्या मतांत विरोधाच्या तिप्पट मते बाजूने असावी लागतात. प्रवर्तकांकडे ५१ टक्के असले, तरी विमा कंपन्या, म्युच्युअल फंड आणि विदेशी गुंतवणूकदार एकत्र आले तर असा ठराव अडवू शकतात. समूहातील कंपन्यांमध्ये आपसांत मोठे व्यवहार व्हावयाचे असतील, तर त्या मतदानात संबंधित पक्षांना बाजूने मत देता येत नाही. निर्णय उरलेल्या भागधारकांच्या हाती जातो. शिवाय २०२४ मध्ये सेबीने गुंतवणूक कंपन्यांसाठी बाजारातून बाहेर पडण्याचा एक वेगळा मार्ग आखून दिला. ज्या कंपनीच्या मालमत्तेपैकी किमान ७५ टक्के इतर सूचीबद्ध कंपन्यांच्या शेअरमध्ये आहे, ती आपल्या जनता-भागधारकांना तिजोरीतील शेअर त्यांच्या प्रमाणात वाटून देऊन मोकळी होऊ शकते. अट अशी की, जनता-भागधारकांची अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या किमान दुप्पट हवीत. अर्थात हा मार्ग धरावा की नाही, याचा आरंभ कंपनीकडूनच व्हावा लागतो.

म्हणून तक्ता वाचताना ‘जनता’ या एका शब्दावर थांबू नये. त्या ४९ टक्क्यांपैकी संस्था किती आणि सुटे किरकोळ भागधारक किती, हे पाहावे. संस्था आपल्यापेक्षा हुशार असतात असे नव्हे. परंतु त्यांना मतदान करावे लागते व त्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि सुटा भागधारक बहुधा मतपत्रिका उघडतही नाही. जेथे जनतेचा वाटा हजारो लहान हातांत विखुरलेला आहे, तेथे कागदावर ४९ टक्के असूनही विरोधाचा आवाज उठत नाही.

बँकेत कर्जप्रकरणे पाहिलेला माणूस या तक्त्यात आणखी एक रकाना प्रथम शोधतो : प्रवर्तकांनी आपल्यापैकी किती शेअर तारण ठेवले आहेत? तारणाची किल्ली सावकाराकडे असते. भाव घसरला की सावकार शेअर विकतो आणि आज ५१ टक्के दिसणारा वाटा उद्या तसा राहत नाही. त्याचप्रमाणे संचालक व वरिष्ठ अधिकारी यांच्या खरेदी-विक्रीची नोंद पाहावी. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत अशा अंतस्थ व्यक्तींना आणि त्यांच्या जवळच्या नातलगांना व्यवहार करता येत नाही. आपल्या समाजात भाचा लेखापरीक्षक, जावई कंपनी सचिव, असे असतेच. जेवणाच्या ताटावर कानी पडलेल्या अप्रकाशित बातमीवर सौदा केला, तर तो गुन्हा ठरू शकतो, ही जाणीव प्रत्येक घरात असावी.

आता आपल्या घराकडे येऊ. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील जुन्या बजाज ऑटोची प्रमाणपत्रे कपाटात असतील, तर ती काढून पाहावीत. ज्याने २००८ पूर्वीचा एक शेअर न विकता ठेवला, त्याच्याजवळ आज होल्डिंग्जचा एक शेअर, २०१० च्या बोनसनंतर बजाज ऑटोचे दोन आणि २०२२ च्या विभाजन व बोनसनंतर फिनसर्व्हचे दहा शेअर असावयास हवेत. सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नसेल, तर असे शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते बुडत नाहीत. वारसाला कागदपत्रांनिशी परत मागता येतात. परंतु मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचे कागद आणि जुन्या सह्यांचा मेळ घालण्याचे काम वडीलधारी माणसे हयात असताना जितके सोपे, तितके नंतर राहत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपली बहुतेक कुटुंबे पेढीच्या जोडीला एखादी खासगी कंपनी चालवितात. चार भाऊ, प्रत्येकी २५ टक्के, आणि कागद कोणताही नाही. शब्दावर सारे चालते. शब्द देणारी पिढी असेतो ते चालते. पुढे एका भावाच्या मुलाला परदेशी स्थायिक व्हायचे असते, दुसऱ्याच्या जावयाला पैसा हवा असतो, आणि मग हिस्सा कोणी, कोणत्या किमतीला घ्यावा यावरून बोलणे बंद होते. शेअरांच्या हस्तांतरणाबाबत दोन व्यक्तींत झालेला करार हा करार म्हणून अमलात आणता येतो, असे २०१३ च्या कंपनी कायद्यातच म्हटलेले आहे. तेव्हा करार करावा आणि त्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कागदात जे राहून गेले, ते लिहावे : मूल्यांकन कोण करील, कोणत्या तारखेच्या मूल्याने करील, तिजोरीतील शेअर व जागा बाजारभावाने धरावयाच्या की पुस्तकी किमतीने, पैसे किती दिवसांत द्यावयाचे, आणि विलंब झाल्यास व्याज किती. कंपनीच्या नियमावलीशी हा करार जुळतो की नाही, हे कंपनी सचिवाकडून तपासून घ्यावे. दर पाच वर्षांनी तो पुन्हा वाचावा. १९७४ मध्ये स्कूटरच्या कारखान्यासाठी लिहिलेला कागद २०१९ मध्ये गुंतवणूक कंपनीला लागू झाला; आपल्या कुटुंबाचा धंदाही चाळीस-पंचेचाळीस वर्षांत असाच पालटू शकतो.

आगामी तिमाही संपल्यानंतर आपल्या संग्रहातील प्रत्येक कंपनीचा भागधारणेचा तक्ता एकदा मुलांना सोबत घेऊन वाचावा. प्रवर्तक किती, तारण किती, संस्था किती, सुटे किती, हे चार आकडे वहीत मांडून मागील वर्षाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते दलाल आपल्यासाठी करणार नाही.